दीपगृहाला चिखलीचं कडं

खुंटीनानांनी चंद्रालासुद्धा नावं ठेवली होती. पुनवेच्या संध्याकाळी चंद्र इंद्रायणीपल्याड वर आला, की ते डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "डाव्या अंगाला जरा बसलाय. टाकी मारायला पायजे." आम्ही हसायचो, ते हसायचे नाहीत. गोल वस्तूची थट्टा त्यांच्यापुढे चालत नसे. भाकरी ताटात आली की आधी ती बोटांवर फिरवायची, कड कुठे सुटली ते कारभारणीला दाखवायचं आणि मगच मोडायची. जनाकाकू, म्हणजे त्यांची कारभारीण, एकदा वैतागून म्हणाल्या, "पोटात गेल्यावर गोल ऱ्हाती का ती?" नानांनी ती मोडून खाल्ली. दुसऱ्या दिवशी भाकरी पुन्हा फिरवली.

खुंटी म्हणजे वीतभर लांबीचा लोखंडी खिळा, डोक्याला कडी. नाना ती कनवटीला खोचून हिंडायचे, सोबत सुताची दोरी. कुणाच्या अंगणात बसले की बोलता बोलता खुंटी जमिनीत जायची, दोरी फिरायची आणि धुळीत गोल उमटायचा. एका लग्नात त्यांनी मांडवातच खुंटी रोवली आणि नवरदेवाचा मामा तिला अडखळून पडला. त्याला उठवायचं सोडून नाना त्यालाच म्हणाले, "मध्यावरनं चालू न्हाई, पाव्हणं." तेव्हापासून गाव त्यांना खुंटीनाना म्हणायला लागलं. त्यांचं पाळण्यातलं नाव आता मलाही आठवत नाही.

खुंटी माझ्या भट्टीतली. मी चिखलीचा लोहार. शाळा दुसरीत सुटली, भाता सुटला नाही. आज चिखलीत जिकडे बघावं तिकडे पत्र्याची शेडं आणि लेथ मशीनची घरघर आहे; तिथे एकेकाळी ज्वारी होती आणि ज्वारीच्या कडेला काळ्या दगडाची खाण होती, असं सांगितलं तर पोरं ऐकून घेतात आणि मोबाइल काढतात. काढू द्या. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती, पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, आणि आम्ही खाणीवर होतो. पाथरवटांच्या छिन्न्या आणि टाक्या बोथट होतील तशा मी त्या तापवून, ठोकून, पाणी देऊन परत द्यायचो. काळा दगड टाकी खातो. दिवसभर खातो.

नाना विहिरी बांधायचे. चाकणपासून देहूपर्यंत पक्क्या बांधलेल्या विहिरीत वाकून बघा, दोन दगडांच्या मध्ये नख शिरत नसेल तर ती नानांची. कारखान्याच्या भिंतींसाठी चौकोनी चिरे पाहिजेत म्हणून मुकादम दोनदा त्यांच्या दारी आला. नानांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. "चार कोपरं कुनीबी जुळवतंय. ज्याला कोपराच न्हाई ते जुळवून दावा." काम शिकायला आलेल्याला ते एकच वाक्य शिकवायचे: "मध्य धरा, कड आपोआप येती." बाकी सगळं ज्याने त्याने बघून उचलायचं.

दगडाला तोंड असतं आणि पाठ असते. तोंड साफ घडवायचं, पाठ रांगडी सोडायची. विहिरीत दगडाचं तोंड आतल्या बाजूला, पाण्याकडे, आणि पाठ मातीकडे. नाना विहिरीच्या मधोमध उभे राहून चौफेर बघायचे आणि त्यांच्याभोवती सगळी तोंडं त्यांच्याकडे बघत असायची. त्यांचं अख्खं आयुष्य असं आत उभं राहून गेलं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

एका दिवाळीनंतर आमच्या खाणीचा कंत्राटदार एका पाहुण्याला घेऊन आला. हे बंदरखात्याचे साहेब, मूळचे कोकणातले, बोलण्यात समुद्राकडचा हेल. त्यांचे वडील एका जुन्या बंदरातल्या दीपगृहावर बत्तीवाले होते आणि साहेबांचा जन्म त्या मनोऱ्याच्या पायाशी असलेल्या खोल्यांत झालेला. आम्ही त्यांना खलाशीसाहेब म्हणायला लागलो. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. थंडी होती, म्हणून ते माझ्या भट्टीपाशी बसले आणि हातांवर शेक घेत त्यांनी त्या दीपगृहाची कूळकथा सांगितली.

त्या बंदरात आधी मनोरा नव्हता. किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर कोळी लोक लाकडं पेटवायचे. वारा फिरला की धूर समुद्राकडे जायचा, जाळ दिसेनासा व्हायचा आणि घरी येणारं गलबत खडकावर जायचं. मग इंग्रजांच्या अमदानीत मनोरा चढला. खाली काळा दगड, लाटांचा मार खायला. वर जांभा, कारण तो तिथेच निघतो आणि वजनाला हलका. भिंत तळाला इतकी जाड की माणूस तिच्यात आडवा झोपावा, आणि वर जाईल तशी निमुळती. आकार गोल, म्हणजे वारा अंगावर आला तरी त्याला धरायला कोपरा सापडत नाही, दोन्ही बाजूंनी निसटून जातो. नानांनी इथे मान डोलावली. कोपरा नसलेली वस्तू त्यांच्या आधीपासून मर्जीतली होती.

भिंतीच्या कडेकडेने दगडी जिना वळत वर गेलेला, आणि मधोमध तळापासून माथ्यापर्यंत पोकळी. त्या पोकळीत साखळीला जड वजन टांगलेलं. ते हळूहळू खाली उतरायचं तशी वरची चक्रं फिरायची आणि चक्रांच्या जोरावर बत्तीभोवती भिंगांचा पिंजरा फिरायचा. भिंगं विलायतेहून पेट्यांत भुसा भरून आलेली. पिंजरा पाऱ्यावर तरंगणारा, एका बोटाने ढकलावा तर हलणारा. सुरुवातीला आत खोबरेल तेलाच्या वाती होत्या, नंतर रॉकेल आलं. वजन तळाला टेकलं की बत्तीवाल्याने ते हाताने फिरवून परत वर ओढायचं. साहेबांच्या वडिलांचा उजवा खांदा त्या ओढण्यानेच डाव्यापेक्षा मोठा झाला होता.

नाना इतका वेळ दोरीशी चाळा करत होते. ते म्हणाले, "म्हंजी मधी पोकळ, आत साखळी, खाली सोडायचं आन परत वर वढायचं. सायेब, ही तर विहीरच की. जमिनीत खाली जायाची ती वर गेलीया."

साहेब हसले आणि म्हणाले, "अगदी तसंच समजा, नाना."

हे साहेबांनी म्हणायला नको होतं.

काम असं होतं. मनोऱ्याचे वरचे थर, बत्तीच्या लगेच खालचे, खारं वारं खाऊन भुसभुशीत झाले होते. बोट लावलं की भुगा पडायचा. बत्ती उतरवून तात्पुरती लाकडी खांबावर एक लहान बत्ती टांगली होती, आणि तिचा उजेड बंदराच्या तोंडापर्यंतही धड पोचत नव्हता. पावसाळ्याआधी ते थर नव्याने काळ्या दगडात बसवून मोठी बत्ती वर चढवायची होती. दगड आमच्या खाणीत घडवायचे. प्रत्येक दगडाच्या एका अंगाला जीभ आणि दुसऱ्या अंगाला खाच, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला धरून राहील. एकेक थर खाणीजवळच्या पडीक रानात चुना न घालता, कोरडाच मांडून बघायचा, दगडांवर खुणा कोरायच्या, मग बैलगाड्यांनी चिंचवड स्टेशन, रेल्वेने मुंबई आणि तिथून मचव्याने बंदर. कंत्राटदाराचा जीव सिमेंटवर होता. तेव्हा सिमेंटची नवलाई होती. साहेब म्हणाले, दगड जमला नाही तर सिमेंट आहेच. पण आधी दगड.

नानांनी रानाच्या मध्यावर खुंटी रोवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. साहेबांनी ठेवलेला लाकडी साचा घेऊन कामाला सुरुवात झाली. साहेबांनी दिलेल्या कागदावर एकात एक असे दोन गोल होते. बाहेरचा कुठला आणि आतला कुठला ते कुणालाही कळत होतं. तोंड कुठल्या गोलावर आणि पाठ कुठल्या गोलावर, हे नानांनी विचारलं नाही. का विचारतील? सूर्य कुठे उगवतो हे कुणी विचारतं का?

संक्रांतीच्या सुमाराला पहिला थर मांडून झाला. काय सांगू तुम्हाला. जीभ खाचेत अशी बसली होती की दगडाला दगड उगवलाय असं वाटावं. गावातून बाया तिळगूळ घेऊन आल्या, म्हातारे आले, कंत्राटदार आला, आणि जो आला तो थर ओलांडून आत गेला आणि मध्ये उभा राहून गरागरा फिरून बघायला लागला. आतून तोंडं काचेसारखी. नाना खुंटीपाशी उभे, हात मागे बांधून, एखाद्या पाटलासारखे. जनाकाकू तेवढ्यात म्हणाल्या, "आता तरी माझ्या भाकरीला नावं ठेवू नगा."

मग साहेब आले. ते आत आले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि बाहेरून थराला चक्कर मारली. मग दुसरी मारली. बाहेरच्या बाजूला काय होतं? रांगड्या पाठी, छिन्नीच्या खोबणी, कपारी, पुढे आलेले टेंगूळ. आम्ही सगळे आतून त्यांच्याकडे बघत होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. शेवटी ते थांबले.

"नाना," ते म्हणाले, "जरा बाहेर येता का?"

"आत या की सायेब. आतनं बघा."

"आत कोण बघणार, नाना? आत एक बत्तीवाला असतो, आणि तोसुद्धा वर बघत असतो. बाकी सगळी दुनिया याला बाहेरून बघते. वारा बाहेरून येतो. पाऊसही बाहेरूनच येतो."

नाना थर ओलांडून बाहेर गेले. वाकले. एका दगडाच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.  

त्या दुपारी नानांनी भाकरी फिरवून बघितली नाही. जनाकाकू माझ्या भट्टीवर येऊन सांगून गेल्या आणि डोळ्याला पदर लावला.

कंत्राटदार लगेच सिमेंटवर आला. फळ्यांचा साचा लावायचा, ओतायचं, गोल ते गोल, कशाला एवढा कुटाणा. साहेबांना नानांची माया लागली होती. त्यांनी मधला रस्ता काढला. याच दगडांच्या पाठी घडवून साफ करा, चार बोटं अंग कमी होईल, आतून चुना भरून घेऊ, कुणाला कळणार नाही. भट्टीपाशी बसलेले नाना जागचे उठले. मी भाता थांबवला, कारण आवाज चढेल असं वाटलं. तो चढला नाही.

"चार बोटं म्हंजी भित बारीक," नाना म्हणाले. "माझ्या चुकीपायी वाऱ्याम्होरं बारकी भित उभी करू व्हय? कुनाला कळनार न्हाई म्हणता. वाऱ्याला कळंल की. नवा दगड काढतो. शिमग्याला या, आन बाहेरनंच बघा. न्हाई जमलं तर वता तुमचं सिमेट, मी हातात पुन्हा टाकी धरनार न्हाई."

शेवटचं वाक्य ते रागात बोलले नव्हते, म्हणून मला भीती वाटली. नाना बोलले की ते झालं. शिमगा चुकला तर दीपगृहाला सिमेंटचा गळा आणि चिखलीला पाथरवट नाही, एवढं सगळ्यांना कळलं.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. नाना पंचावन्न-साठीच्या घरातले असतील. जन्मभर त्यांनी एका जागी उभं राहून हात फिरवला होता. आता त्यांना दगडांभोवती हिंडावं लागत होतं. पहिले काही दिवस त्यांना गरगरायचं. मध्येच थांबून माझ्या भट्टीचा खांब धरायचे आणि म्हणायचे, "लव्हारा, आजवर दुनिया माझ्याभवती फिरली. आता मी तिच्याभवती फिरतोय, म्हनून चक्कर येती." दुसरं एक बदललं. शिकायला आलेल्यांना ते आता म्हणायला लागले, "मध्य धरा. पन त्याच्या आधी उभं कुठं ऱ्हायचं ते इचारून घ्या." जो माणूस आयुष्यात एक वाक्य बोलला, त्याने उतारवयात त्याला दुसरं जोडलं. माझ्या मते ही लहान गोष्ट नाही.

बाहेरचं तोंड घडवणं आतल्यापेक्षा अवघड. आतल्या तोंडाला टाकी मध्ये खोलगट जाते, कडा आपोआप उभ्या राहतात. बाहेर फुगीर पोट ठेवायचं, आणि टाकी जरा जास्त गेली की कडेची कपची उडून दगड वाया. मी त्यासाठी रुंद तोंडाच्या, कमी धारेच्या वेगळ्या टाक्या घडवल्या. नानांनी पहिली टाकी हातात घेऊन परत केली. दुसरी केली. तिसरी कनवटीला खोचली. त्या कामाची प्रत्येक टाकी माझ्या हातची आहे. हे कुठल्या पाटीवर कोरलेलं नाही, म्हणून मी इथे लिहितो.

शिमगा जवळ आला तेव्हा नवा थर मांडून होत आला होता. एक दिवस दिवेलागण झाली तरी नाना घरी आले नाहीत म्हणून जनाकाकू कंदील घेऊन रानात आल्या. मी सामान आवरत होतो. त्यांनी कंदील थराच्या आत, खुंटीजवळ ठेवला आणि बाहेरून हिंडत नवऱ्याला हाका मारायला लागल्या. एका ठिकाणी थबकल्या.

"आवं, हितनं उजीड येतोय."

नाना दुसऱ्या बाजूने आले. त्यांना पटेना. वाकले, डोळा दगडाला लावला. दोन दगडांच्या मधून केसाएवढी उजेडाची रेघ बाहेर आली होती. हात फिरवून जी फट त्यांना कळली नव्हती ती कंदिलाने दाखवली. नाना काकूंकडे बघून म्हणाले, "तुझी भाकरी आजपासनं गोल." दुसऱ्या दिवशी तो दगड बाहेर काढला, त्याच्या जागी नवा घडवला, आणि पुढे रोज दिवेलागणीला आम्ही कंदील आत ठेवून बाहेरून हिंडायला लागलो.

शिमग्याला साहेब आणि कंत्राटदार आले. साहेबांनी दिवसा बाहेरून बघितलं, हात फिरवला, मान हलवली. त्यांच्यापुरतं काम झालं होतं. पण नाना म्हणाले, थांबा, सांजवेळ होऊ द्या. कंत्राटदार घड्याळ बघायला लागला. अंधारून आलं तसा नानांनी स्वतः कंदील पेटवला, आत खुंटीपाशी ठेवला, बाहेर आले आणि कंत्राटदाराला म्हणाले, "आता शोधा. बाहेरनं उजेडाची येक रेघ दावा, उद्या सिमेटच्या गोनी मी सोता वाहतो."

कंत्राटदार खरोखरच वाकून वाकून हिंडला. त्याच्या धोतराचा सोगा चिखलात गेला. साहेबही वाकले.  वर, उघड्या तोंडातून, कंदिलाचा उजेड आभाळाकडे जात होता. बाजूने नुसता काळा दगड. साहेबांची चक्कर पुरी झाली तेव्हा ते कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"माझ्या बापाने जन्मभर काचा पुसल्या, उजेड बाहेर जावा म्हणून," ते म्हणाले. "आणि मी आज गुडघ्यावर बसून बघतोय की तो कुठून दिसत तर नाही ना. नाना, दगड पाठवा."

असा त्या थरांमध्ये पहिला दिवा चिखलीत लागला. समुद्रावर नंतर लागला.

बाकीचे थर आता वेगाने झाले. हाताला दिशा कळली होती. वैशाखात शेवटचा मचवा गेला आणि पावसाआधी मोठी बत्ती वर चढली, असा निरोप कंत्राटदाराकडून आला. मग त्याने चुकीच्या थराची खडी फोडायला माणसं पाठवली. नाना त्या थरात जाऊन बसले. खुंटी रोवली, दोरी गुंडाळून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, माझ्यावरनं घण जाऊ द्या. दगड इथून हलले म्हणजे झालं, एवढाच कंत्राटदाराचा मतलब होता. मग गावाने गाड्या जुंपल्या. खालच्या वस्तीवरच्या विहिरीचं तोंड दर पावसाळ्यात ढासळायचं. नानांनी ते खणून काढलं, थोडं खाली पाणी भरायला उभं राहायचा ओटा केला, आणि त्याच्या वर तो अख्खा थर बसवला. एक दगड कमी पडला नाही, एक उरला नाही. जिथे तोंड आत पाहिजे, तिथे तोंड आत. पाठी मातीकडे. त्या दगडांना त्यांची जागा मिळाली.

दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी आम्हा दोघांना बंदरावर बोलावून घेतलं. नानांनी समुद्र पहिल्यांदा बघितला, आणि त्याला काही नावं ठेवली नाहीत. होडीत बसल्यावर मात्र त्यांना इतकं मळमळलं की मी म्हटलं, परत फिरू. ते म्हणाले, "व्हय, फिरू. बघून झाल्यावर." होडी बंदराच्या तोंडातून बाहेर गेली आणि नावाड्याने वळवली. समोर मनोरा. खालपासून चुन्याने पांढरा, आणि वर, बत्तीच्या काचांच्या लगेच खाली, काळंभोर कडं. साहेबांनी ते मुद्दामच न रंगवता काळं ठेवलं होतं. ते म्हणाले, रात्री बत्ती ओळखायला तिची उघडझाप असते, दिवसा ओळखायला खूण लागते. आता कोळी त्याला काळ्या कड्याचं दीपगृह म्हणतात. नावाड्याला विचारलं तर तोही तेच म्हणाला. त्याला चिखली कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. मी त्याला नीट सांगितलं.

किनाऱ्याला आल्यावर साहेब म्हणाले, चला वर, आतून दाखवतो, तुमचे दगड आतून बघा. माझी जायची इच्छा होती. नानांनी मान हलवली. "आत काय बघायचंय सायेब? आत म्या जन्मभर बघितलं." ते धक्क्यावरच्या दगडावर बसून राहिले, मान वर करून, उन्हं कलेपर्यंत. त्यांनी कनवटीची खुंटी काढली नाही. मी वर जाऊन आलो. भिंगांच्या पिंजऱ्याला एक बोट लावून बघितलं. तो हलला. खाली येऊन नानांना सांगितलं, तर म्हणाले, "गोल आसंल तर हलनारच."

नाना पुढे फार वर्षं राहिले नाहीत. दगडाची धूळ छातीत बसते, आमच्या खाणीवर सगळ्यांची तीच कथा. शेवटच्या आठवड्यात त्यांनी खुंटी मला परत दिली. म्हणाले, तुझ्याच भट्टीतली, गंजू देऊ नको. ती गंजलेली नाही. माझ्या दाराच्या आत आहे, दर शनिवारी तेल लावतो. सुना म्हणतात, कशाला. मी तेल लावतो.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात खलाशीसाहेब चिखलीला आले. नोकरीतून सुटले होते, केस पांढरे झालेले. नाना गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर माझ्या थंड भट्टीपाशी बसले आणि म्हणाले, तो पहिला थर कुठे आहे? मी त्यांना खालच्या वस्तीवर नेलं. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. साहेबांनी चपला काढल्या, भिंतीतल्या दगडी पायट्यांवर पाय देत सावकाश आत उतरले आणि ओट्यावर उभे राहिले. नानांचा थर त्यांच्या खांद्याच्या उंचीला, चारी बाजूंनी. ते जागच्या जागी फिरले, तळहात दगडांवरून फिरवत, एक दगड न सोडता. त्या दिवशी मी साहेबांना पहिल्यांदा आत बघितलं.

"बाहेरून काय दिसतं हो?" त्यांनी खालून विचारलं.

मी काठावर उभा होतो. पायाखाली माती, गवताची पाती, कडेला बाभळ. "काही न्हाई, साहेब," मी म्हणालो. "नुसती जमीन."

"आणि आतून..." साहेब म्हणाले, आणि तिथेच ओट्यावर बसले. मी त्यांना वर चला म्हणून घाई केली नाही.

ती विहीर अजून आहे. वर लोखंडी जाळी टाकली आहे, भोवती शेडं आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत बीड-लातूरकडची पोरं तिच्या काठावर डबे खातात. एकाने परवा जाळीतून आत बघून मला विचारलं, "बाबा, ही गोलाई कुठल्या मशीनवर काढली?" मी त्याला घरी नेऊन खुंटी दाखवली. नानांचं सगळं काम असं जमिनीच्या आत आहे, वाकल्याशिवाय दिसत नाही. फक्त ते कडं बाहेर आहे. कधी त्या किनाऱ्याला गेलात तर बघून या. पण दिवसा जा. रात्री माणसाचं लक्ष नुसतं दिव्याकडे जातं.